स्पेलिंग टाकणाऱ्या मुली

माझी लेक अकरावीत असताना एका मे महिन्यात तिनं ओळीनं चेटकिणींचे सिनेमे पाहिले. गोष्टीतल्या म्हाताऱ्या, बाकदार नाकाच्या चेटकिणी नव्हेत. ह्या तिच्याच वयाच्या, काळं नेलपॉलिश लावणाऱ्या, दप्तर एका खांद्यावर टाकून शाळेत जाणाऱ्या. मी भाजी निवडत शेजारी बसायचे आणि बघायचे नाही असं ठरवून सगळं बघायचे. पाचसहा सिनेमांनंतर मला त्यांचा साचा पाठ झाला. मुलगी एकटी असते, शाळेत तिला हिणवतात. मग तिला न्हाण येतं आणि त्याच दिवशी वर्गातले दिवे उडतात. आमच्याकडे न्हाण आलं की लोणच्याच्या बरणीला हात लावू नको, एवढंच सांगायचे. दिवे उडाले असते तर सगळ्या मजल्यानं आधी फ्यूज कोण बदलणार यावर भांडण केलं असतं.

मग तिला मैत्रिणी भेटतात, मेणबत्त्या लागतात, वाईट वागणाऱ्या मुलाच्या नाकातून रक्त येतं. पुढे तिला शक्तीचा माज चढतो, एखादी मैत्रीण मरता मरता वाचते, आणि शेवटी आई तिला पोटाशी धरते. हिंदीतले थोडे वेगळे. तिथे मुलीच्या अंगात दुसरंच कोणीतरी शिरतं, ती पांढऱ्या कपड्यांत केस सोडून फिरते आणि दाढीवाला बुवा लिंबू कापून तिला मोकळी करतो. म्हणजे इंग्रजीत शक्ती मुलीची स्वतःची आणि हिंदीत ती भाड्यानं आलेली. पण असते, दोन्हीकडे असतेच. हात केला की खुर्ची हलते. हे पाहिलं की माझं डोकं फिरतं. एकदा मी तिच्या हातातला मोबाइल उलटा करून ठेवला.

"सिनेमा आहे, आई. तू एवढी का चिडतेस?" ती म्हणाली.

मी म्हटलं, डोळे खराब होतील. ते खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर द्यायला मला लालबागच्या चाळीपर्यंत मागे जावं लागलं असतं, आणि तिथे माझं तोंड काही फार उजळ नाही.

गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष होतं. मी आठवीत होते. वडील साचे खात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागावर. गिरणी बंद पडल्यापासून ते सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली नाक्यावर जात आणि जेवायच्या वेळी परत येत. आई लोकांकडे पोळ्या लाटायला जाऊ लागली होती, पण ते कोणी मोठ्यानं बोलायचं नाही असा घरात न सांगता झालेला करार होता.

आमच्या मजल्याच्या अगदी टोकाला माझी मैत्रीण राहायची. तिचे वडील त्याच गिरणीत, पण कातणीच्या खात्यात. तिच्या लोकांना पूर्वी साच्यावर घेत नसत. मागावर धावणाऱ्या धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि त्यांच्या तोंडचा धागा आमच्या लोकांना चालत नसे. हे मला तिच्याच वडलांनी एकदा हसत हसत सांगितलं होतं, आणि माझ्या घरी मी ते विचारल्यावर आईनं विषय बदलला होता. त्यांच्याकडे भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाकी देव नाहीत. घरात पेपर मोठ्यानं वाचायची पद्धत. ती वाचायची, वडील डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, "हे खरं कशावरून?" त्यामुळे तिलाही सवय लागली होती. शाळेत बाई काही बोलल्या की ती माझ्या कानात विचारायची, हे खरं कशावरून? आणि स्वतःच खुदखुदायची. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. इंग्रजीच्या डिक्टेशनमध्ये तिला दहापैकी दहा ठरलेले. तिला शाळेतली बाई व्हायचं होतं, आणि तेही इंग्रजीची.

खालच्या मजल्यावर एकांचा मुलगा दुबईला होता. त्यानं रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ पाठवला होता. रविवारी दुपारी त्यांच्या खोलीत चाळीतली सगळी पोरं दाटीवाटीनं बसायची, खिडकीवर जुनं पातळ टाकून अंधार करायचे. एका रविवारी हिंदी कॅसेट अडकली म्हणून त्यांनी एक इंग्रजी लावली. वर नाव नव्हतं आणि सुरुवातीचा भाग कोणीतरी पुसलेला. तो सिनेमा कोणता ते मला आजवर कळलेलं नाही. एक हॉस्टेलची शाळा, एक किडकिडीत मुलगी, आणि जिन्याखालची जागा. ती खडूनं गोल काढायची, त्यात बसून कागदावर कोणाचं तरी नाव उलटं लिहायची आणि तो कागद त्या माणसाच्या उशीखाली ठेवायची. मग खेळाच्या बाई जिन्यावरून गडगडत यायच्या.

इंग्रजी मला येतं असा चाळीचा समज होता, कारण मी एकदा पोस्टातला फॉर्म भरून दिला होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही मागे हटले नाही. पडद्यावरची एक मुलगी किंचाळली की ही विच आहे. मी सांगितलं, "ती विचारतेय, कोणती? त्यातली कोणती?" विच म्हणजे कोणता, कोणती, कोणते, हे व्याकरणात पाठ होतं. मग मुख्याध्यापिका फार गंभीरपणे स्पेल असं काहीतरी म्हणाल्या. मी म्हटलं, "ती सगळ्यांवर स्पेलिंग टाकते." विच म्हणजे चेटकीण आणि स्पेल म्हणजे मंत्र, हे मला फार पुढे कळलं. मैत्रीण माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "स्पेलिंग टाकून जिना पाडतात? हे खरं कशावरून?" पण बाकीच्यांना ते पटलं. नाव उलटं लिहिलेलं तर दिसतच होतं.

दुसऱ्या दिवसापासून मुलींमध्ये स्पेलिंग टाकायचं वेड सुरू झालं. आणि स्पेलिंग कोणाचं उत्तम? माझी मैत्रीणच मुख्य झाली. आमच्या गच्चीच्या जिन्याखाली खडूचा गोल निघाला. मुली तिच्याकडे नावं घेऊन यायच्या. ती डिक्टेशनच्या वहीचं पान फाडायची, त्यावर नाव उलट्या क्रमानं, सगळी मोठी अक्षरं, एकही अक्षर न चुकता लिहून द्यायची. गणिताच्या बाईंचं नाव लिहिलं आणि बाईंचे डोळे आले. त्या चार दिवस शाळेत नव्हत्या. मुलींनी तिला डोक्यावरच घेतलं.

"येडी आहेस का गं," ती मला म्हणाली, "डोळ्यांची साथ आलीय. आपल्या मजल्यावर सात जणांचे आलेत. त्यांची नावं कोणी लिहिली?"

पण तिला ते आवडत होतं, हेही मी सांगायला हवं. एरवी मुली तिच्या डब्यातलं घेत नसत, काहीतरी निमित्त काढत. आता तिच्या मांडीला मांडी लावून बसत होत्या. मीही तिच्या डब्यातलं शाळेत खायचे आणि घरी सांगायचे नाही.

त्याच सुमारास काही गिरण्यांची फाटकं अर्धवट उघडली. लोक लपूनछपून कामावर जाऊ लागले. आमच्या शेजारच्या चाळीतला एकजण गेला. तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडाला काळं फासलेलं होतं आणि गळ्यात चपलांचा हार. त्याची मुलगी आमच्याच वर्गात. ती आठवडाभर शाळेत आली नाही, आली तेव्हा तिच्याशी कोणी बोललं नाही. मीही नाही.

आणि एका शुक्रवारी सकाळी मी मोरीत भांडी घासत असताना आईवडलांचं बोलणं ऐकलं. सोमवारपासून वडलांनी मागच्या फाटकानं गिरणीत जायचं ठरलं होतं. आई म्हणत होती, आणखी किती दिवस. वडील आमच्या मालवणीत म्हणाले, "जातंय," म्हणजे जातो. बस, एवढंच.

मला फक्त तो चपलांचा हार दिसत होता. शनिवारी शाळा सुटल्यावर मी मैत्रिणीला जिन्याखाली गाठलं आणि सांगितलं, माझ्या बाबांचं नाव लिही. त्यांनी सोमवारी जाता कामा नये.

तिनं वही मिटली. "तुझे बाबा आहेत ते. त्यांनाच सांग ना, जाऊ नका म्हणून."

"सांगता येत नाही."

"का?"

का, ते मला माहीत नव्हतं. आमच्या घरात मुली वडलांना काही सांगत नसत, एवढंच. मी रडायला लागले. मग चिडले. म्हटलं, इतरांची लिहितेस, माझंच तेवढं जड झालं का? आता आठवलं की लाज वाटते, पण मी हेही म्हटलं की तुझे वडील जाणार नाहीत ना, मग तुला काय. मग तिनं पान फाडलं आणि नाव लिहिलं.

"यानं काय होत नाय," कागद देताना ती म्हणाली. "तुझं समाधान म्हणून देतेय. आणि घरी बोल."

दुपारी वडील जरा आडवे झाले होते. ते उठून बाहेर गेल्यावर मी कागद त्यांच्या उशीच्या अभ्र्यात सरकवला. तेवढ्यात ती माझी राहिलेली पट्टी द्यायला दारात आली, पट्टी देऊन गेली.

रविवारी सकाळी वडील गॅलरीत चूळ भरत होते. पाणी तोंडाच्या एका कोपऱ्यातून गळून शर्टावर आलं. त्यांनी पुन्हा चूळ घेतली, पुन्हा गळली. ते वळले तेव्हा अर्धा चेहरा खाली ओघळलेला होता आणि एक डोळा मिटतच नव्हता. शेजारचे म्हणाले, तोंडावरून वारं गेलं.

दवाखान्यात त्यांच्याबरोबर मी गेले, कारण आई देवापुढे दिवा लावून बसली होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी वडलांना भुवया वर करायला लावल्या, गाल फुगवायला लावले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "घाबरू नकोस. चेहऱ्याची एक नस सुजते, असं होतं. दोन-तीन महिन्यांत सरळ होईल. रोज फुगे फुगवायला सांग." मी मान डोलावली. मला प्रत्येक शब्द कळला होता. आणि तरी घरी येईपर्यंत माझ्या मनात एकच चाललं होतं, मीच केलं. मला जे हवं होतं ते तंतोतंत झालं होतं. सोमवारी ते जाणार नव्हते.

त्याच दुपारी आईनं अंथरुणं उन्हात घातली आणि अभ्र्यातून कागद पडला. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिनं तो दुबईवाल्यांकडे नेला. त्यांनी अक्षरं मागून पुढे लावून वडलांचं नाव वाचून दाखवलं. कागदाच्या मागे डिक्टेशन होतं, लाल शाईत दहापैकी दहा, आणि तिचं नाव.

आई परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी हळू होता. "ह्या कोणी ठेवला?"

"माका ठावक नाय," मी म्हटलं.

"काल घरात कोण इल्ला?"

मी म्हटलं, "ती इल्ली. पट्टी देऊक."

ह्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी पुढे शिक्षिका झाले, मुलांना खरं बोलायला शिकवलं, आणि प्रत्येक वेळी मला ते वाक्य आठवलं आहे.

आमच्या गावच्या लोकांची शेजारच्या गल्लीत एक खोली होती. बायका-मुलं गावी असलेले पुरुष तिथे एकत्र राहायचे. त्यातले एक म्हातारे सगळ्यांसाठी गाऱ्हाणं घालायचे. कोणाचं लग्न, कोणाचा आजार, कोणाची नोकरी, काहीही असो, नारळ ठेवून ते देवाला सगळी हकिगत खणखणीत आवाजात सांगत, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. मालवणी घरात बोलायला लागण्याआधी मूल हे शिकतं. मला ते फार आवडायचं. सगळे मिळून हो म्हणतात, म्हणजे मागणं सगळ्यांचंच होतं.

पुढच्या रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. गॅलरीत चाळीतले निम्मे लोक. वडील डोळ्यावर पट्टी लावून पाटावर बसलेले, मान खाली. म्हाताऱ्यांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां ह्या ठिकाणी जमली हत. ह्या घरधन्याचा तोंड वाकडा झाला हा, ता सरळ कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ज्या कोणी, ह्याच माळ्यावरच्या टोकाच्या खोलयेतल्या चेडवान, कागदावर करणी-धरणी केली आसात, ती आल्या वाटेन तिच्याच घरात परत धाड रे म्हाराजा."

चेडू म्हणजे मुलगी. टोकाच्या खोलीत मुलगी एकच होती आणि ती गॅलरीत उभी होती, हातात पाण्याची कळशी. तिनं ऐकलं. ती माझ्याकडे बघत होती. मी काय बोलते याची वाट बघत होती, कारण ते कसं झालं हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

तोंडाची सवय, आपोआप निघालं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावत आले. ते तसं नव्हतं. मी तो शब्द जरा मोठ्यानंच म्हटला.

संध्याकाळी तिचे वडील आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आरडाओरडा केला नाही. आईला म्हणाले, "वैनी, आमच्या घरात देवच नाय, तर भूत कुठून आणणार? पोरींचा खेळ होता तो. एवढी वर्षं एका नळावर पाणी भरलं, तुम्ही तरी बोला." मग ते माझ्याकडे वळले. "पोरी, तू सांग. तुम्ही दोघी असता. काय झालं?"

मी आईच्या मागे होते. तिच्या पातळाचा शिवलेला भाग माझ्या बरोबर डोळ्यांसमोर होता. मी तेवढाच बघत राहिले. आत पाटावर बसलेल्या वडलांनी अर्ध्या तोंडानं, अडखळत म्हटलं, "जाऊ दे." कोणाला म्हटलं ते कळलं नाही. तिचे वडील गेले.

पुढचं फार भराभर झालं. नळावर ती आली की बायका आपल्या बादल्या मागे ओढायच्या. दुबईवाल्यांच्या खोलीचं दार तिला बंद झालं. शाळेत मुली जिच्या मांडीला मांडी लावून बसत होत्या, तिचा बाक मोकळा राहू लागला. आणि जुनं, इतके दिवस निमित्तांमागे दडवलेलं बोलणं वर आलं. त्यांच्यात हे असतंच, असं मी मोठ्या माणसांकडून पहिल्यांदा स्वच्छ ऐकलं. ज्या घरात भूतखेत नाही असं रोज सांगत होते, त्याच घराला सगळ्यांनी भुतांचं घर ठरवलं. महिन्याभरात त्यांनी खोली बदलून घेतली आणि ते शीवला गेले. टेम्पोत सामान चढलं तेव्हा मी गच्चीवर जाऊन बसले होते.

सिनेमात असं दाखवत नाहीत. तिथे मुलीला चेटकीण म्हणतात आणि ती खरोखरच चेटकीण असते. लोक घाबरतात ते बरोबरच घाबरतात. मुलगी छळ सोसते, पण तिच्या बोटांत काहीतरी असतं, वेळ आली की ती खिडक्या फोडू शकते. बघणाऱ्या मुलींना म्हणूनच ते आवडतं. माझ्या मैत्रिणीच्या बोटांत सुंदर अक्षर होतं. तिनं काय फोडायचं होतं?

वडील रोज सकाळी गॅलरीत बसून फुगे फुगवायचे. लाल, पिवळे. चाळीतली बारकी पोरं भोवती जमून फुगा फुटायची वाट बघायची. एक साचेवाला, वर्षभर घरी बसलेला, आणि तो फुगे फुगवतोय. मला हसूही यायचं आणि पळून जावंसंही वाटायचं. दिवाळीच्या आत त्यांचं तोंड सरळ झालं, अगदी पहिल्यासारखं. चाळ म्हणाली, गाऱ्हाणं पावलं. तोवर गिरणीतली भरती संपली होती. त्यांना काही परत बोलावणं आलं नाही, आणि ते संप फोडणाऱ्यांपैकी होणार होते हे बाहेर कोणालाच कळलं नाही. पुढे त्यांनी एका सोसायटीत वॉचमनचं काम केलं.

खूप वर्षांनी, माझं लग्न होऊन मी दादरला आल्यावर, एकदा ते जेवायला आले होते. जुन्या गोष्टी निघाल्या. ते आमटी भुरकत सहज म्हणाले, "खरा सांगू? तो कागद माझ्या पथ्यावर पडलो. नायतर मी सोमवारी गेलो असतंय. मग काय तोंड दाखवलं असतंय?" आणि हसले. सरळ तोंडानं. मला इतका संताप आला की मी ताट तसंच सोडून आत गेले. पण त्यांच्यावर चिडायला मी कोण होते? तो कागद माझ्याही पथ्यावरच पडला होता.

लेकीनं ज्या मे महिन्यात ते सिनेमे पाहिले, त्याच महिन्यात मी शाळेच्या एका जुन्या मैत्रिणीकडून पत्ता मिळवला आणि एका दुपारी शीवला गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. माफी मागायची आणि ती काय बोलेल ते मुकाट ऐकून घ्यायचं.

तिनंच दार उघडलं. केस पांढरे, पण मी लगेच ओळखलं. तिनंही. "ये," म्हणाली, जसं काही मी परवाच येऊन गेले होते. भिंतीवर तीच तसबीर, शेजारी तिच्या वडलांचा फोटो. ते संपातून परत उभे राहिलेच नाहीत म्हणाली. तिनं चहा टाकला. मुलगा बँकेत होता, सून कामावर. आम्ही ह्याचं त्याचं बोललो. मग मी सगळं सांगितलं. कागद मी ठेवला होता, आईला मी तुझं नाव ओघात सांगितलं, गाऱ्हाण्यात मी मोठ्यानं हो म्हटलं.

"मला माहीत आहे की," ती शेवटी म्हणाली. "तूच ठेवलास ते. दुसरं कोण ठेवणार?"

"तू घरी सांगितलं नाहीस?"

"बाबांना सांगितलं. ते म्हणाले, असलं काही नसतं, विसर. पण त्यांनी थोडंच लिहिलं होतं. मी शनिवारी लिहिलं, रविवारी झालं." तिनं कप बशीत फिरवला. "इथल्या शाळेत नववीत डिक्टेशन असायचं. बाईंनी एखाद्या माणसाचं नाव सांगितलं की माझा हात थांबायचा. पेपरवर स्वतःचं नाव लिहितानासुद्धा. नववी गेली, मग परत बसलेच नाही. मुलाचा शाळेचा फॉर्म ह्यांनी भरला. मी म्हटलं, चष्मा नाही."

जिनं मला विचारायला शिकवलं की हे खरं कशावरून, ती बोलत होती.

"मला एकच कायम वाटायचं," ती म्हणाली. "तुझे बाबा. माणूस चांगला होता. आयुष्यभर तसं तोंड घेऊन..."

"अगं, नाही," मी म्हटलं. "दिवाळीच्या आत सरळ झालं. पूर्ण. नस सुजली होती, डॉक्टरांनी सांगितलंच होतं बरं होईल म्हणून."

तिनं मान वर केली. "कधी सांगितलं?"

"पहिल्याच दिवशी."

"कोणाला?"

तिच्या स्वयंपाकघरातला नळ हळूहळू गळत होता. मला उत्तर द्यायचं नव्हतं, पण खोलीत आम्ही दोघीच होतो आणि ती माझ्याकडे बघत होती, वाट बघत होती.

"मला," मी म्हटलं.